सेवा करणं कुणाला परवडतं?

समजा, टेक्सासच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सीमेजवळच्या मॅकॅलन शहरात बारावीत शिकणारी एक मुलगी आहे. वडील घरांची छपरं घालायच्या कामावर जातात, आई लोकांकडे साफसफाई करते. घरातलं बोलणं स्पॅनिशमधून. मुलगी हुशार आहे, आणि कॉलेजात जाणारी घरातली पहिलीच. रात्री जेवणं आटोपल्यावर ती लॅपटॉप उघडून एक सरकारी फॉर्म भरायला बसते. त्याचं नाव ‘फाफ्सा’. कॉलेजच्या खर्चासाठी केंद्र सरकारकडून जी मदत मिळते, तिचं दार या एका फॉर्मनं उघडतं. फॉर्म आईवडिलांच्या उत्पन्नाचा तपशील विचारतो, त्यांचा सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे सरकारनं दिलेला ओळख क्रमांक, विचारतो. वडिलांकडे तो नंबर नाही, कारण त्यांच्याकडे अमेरिकेत राहण्याची कागदपत्रंच नाहीत. मुलगी मात्र मॅकॅलनमध्ये जन्मलेली आहे. म्हणजे ती अमेरिकेची नागरिक आहे आणि या मदतीवर तिचा पूर्ण हक्क आहे.

मुलगी काल्पनिक आहे, अडचण खरी होती. डिसेंबर २०२३च्या अखेरीस या फॉर्मची नवी, सुटसुटीत आवृत्ती आली. पण पहिले दोन-अडीच महिने, ज्यांच्या आईकडे किंवा वडिलांकडे तो नंबर नव्हता, त्या मुलांचा फॉर्म पुढे सरकतच नव्हता. मार्च २०२४मध्ये ही अडचण दूर झाली. तोपर्यंत किती घरांत ‘जाऊ दे, आपल्यासाठी नसेल हे’ असं म्हणून लॅपटॉप मिटला गेला असेल, याचा विचार मनातून जात नाही.

अशा वेळी विचारायचं कुणाला? शाळेत समुपदेशक असतात. दर २५० मुलांमागे एक असावा, अशी अमेरिकेतल्या शाळा-समुपदेशकांच्या संघटनेची शिफारस आहे, पण देशाची सरासरी त्याच्या बरीच पलीकडे आहे. म्हणून काही शाळांत समुपदेशकाच्या खोलीबाहेर आणखी एक टेबल असतं. तिथे बावीस-तेवीस वर्षांची एखादी मुलगी बसते. चार-पाच वर्षांपूर्वी तिनंही हाच फॉर्म असाच रात्री बसून भरलेला असतो. ‘माझ्याही बाबांकडे नंबर नव्हता,’ असं ती स्पॅनिशमध्ये सांगते, आणि मग पुढचं काम सोपं होतं. ती शाळेची नोकरदार नसते आणि फावल्या वेळात येणारी स्वयंसेवकही नसते. ती ‘अमेरिकॉर्प्स’ची सदस्य असते. अमेरिकेत ‘राष्ट्रीय सेवा’ म्हणतात ती हीच.

आपल्याकडे राष्ट्रीय सेवा म्हटलं की कॉलेजातलं एनएसएस आठवतं: दोन वर्षांत २४० तास, सात दिवसांचं शिबिर, दत्तक गाव, श्रमदान. ते अभ्यास सांभाळून करायचं असतं. अमेरिकॉर्प्सचा साचा वेगळा आहे. पूर्णवेळ सदस्यानं साधारण वर्षभरात १,७०० तास द्यायचे. अर्धवेळ ९००, आणि त्याहून लहान तुकडेही असतात. सरकार सदस्याला थेट शाळेत पाठवत नाही. ते संस्थांना अनुदान देतं, संस्था सदस्य निवडतात, आणि सदस्य शाळेत, वाचनालयात किंवा रोजगार केंद्रात काम करतो. मोबदला दोन प्रकारचा. वर्षभर निर्वाह भत्ता, आणि सेवा पूर्ण झाल्यावर शिक्षणासाठी एक ठरावीक रक्कम.

या शेवटच्या रकमेबद्दल लोकांचे गैरसमज फार असतात. ती हातात मिळत नाही. कॉलेजची फी किंवा शैक्षणिक कर्ज यांसाठीच ती वापरता येते, आणि पैसे थेट कॉलेजला किंवा कर्ज देणाऱ्याला जातात. वापरायला सात वर्षांची मुदत असते. एका माणसाला आयुष्यात दोन पूर्ण सेवावर्षांइतकीच रक्कम मिळू शकते. गरीब विद्यार्थ्यांना सरकार ‘पेल ग्रँट’ देतं, तिच्या कमाल मर्यादेशी ही रक्कम २००९च्या कायद्यानं बांधलेली आहे. २०२४-२५मध्ये ती मर्यादा ७,३९५ डॉलर होती. आणि ज्या वर्षी रक्कम वापराल, त्या वर्षी तिच्यावर आयकर भरावा लागतो. फी भरायलाच पैसे नव्हते म्हणून जिनं वर्षभर सेवा केली, तिला त्या फीवर कर भरायला लावायचा, हे मला आजवर पटलेलं नाही.

आता मागे जाऊ. या योजनेचं मूळ एका लहान शाळेत सापडतं. १९२८मध्ये वीस वर्षांचा एक तरुण स्वतःचं कॉलेज अर्धवट थांबवून टेक्सासमधल्या कोटुला गावी मास्तर म्हणून गेला. वेलहाउझन शाळा मेक्सिकन वंशाच्या मुलांसाठी वेगळी काढलेली होती. मुलांना इंग्रजी फारसं येत नव्हतं, मास्तरला स्पॅनिश येत नव्हतं. कित्येक मुलं उपाशीपोटी शाळेत यायची. पहिल्या पगारातून त्यानं मुलांसाठी खेळाचं सामान आणलं. त्याचं नाव लिंडन जॉन्सन. १९६५मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून उच्च शिक्षणाच्या कायद्यावर सही करताना त्यानं या मुलांची आठवण काढली. त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकाला केवळ गरिबीमुळे कॉलेजचं दार बंद आहे हे तेव्हा कळलं आणि त्याचं दुःख अजून आठवतं, असं तो म्हणाला.

त्याच्या आदल्याच वर्षी, २० ऑगस्ट १९६४ला, जॉन्सननं गरिबीविरोधी कायद्यावर सही केली होती. त्या कायद्यातून ‘विस्टा’ जन्माला आली. परदेशात तरुण पाठवणारी ‘पीस कोअर’ १९६१पासून चालू होती, ही तिची देशातली बहीण. स्वयंसेवकानं वर्षभर गरीब वस्तीत राहायचं, तिथल्या लोकांइतक्याच पैशांत भागवायचं आणि त्यांच्याबरोबर काम करायचं. पुढे १९९३मध्ये बिल क्लिंटन यांच्या कायद्यानं अमेरिकॉर्प्स उभी राहिली आणि विस्टा तिच्यात सामावली गेली.

इथपर्यंतची गोष्ट बाहेरून आलेल्या भल्या माणसाची आहे. पण लॅटिनो, म्हणजे मेक्सिको, पोर्तो रिको अशा स्पॅनिशभाषक मुळांच्या लोकांच्या, वस्त्यांमध्ये तिच्या शेजारी दुसरी एक गोष्ट चालू होती, आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते.

ह्यूस्टनमध्ये फेलिक्स तिहेरिना नावाचे एक हॉटेलमालक होते, मेक्सिकन वंशाचे. लॅटिनो नागरिकांची ‘लुलॅक’ नावाची संघटना १९२९पासून काम करत होती, तिचे ते राष्ट्रीय अध्यक्ष झाले. पहिलीत गेलेली स्पॅनिशभाषक मुलं वर्गात काय चाललंय हेच न कळल्यामुळे नापास होतात, त्याच वर्गात पुन्हा बसतात आणि शेवटी शाळा सोडतात, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी ठरवलं, पहिलीत जाण्याआधी मुलांना ४०० इंग्रजी शब्द शिकवायचे. पाणी, दार, शौचालय, पेन्सिल, दुखतंय. योजनेचं नावच पडलं ‘चारशेंची छोटी शाळा’. १९५७मध्ये तिचा पहिला वर्ग गॅनाडो नावाच्या लहान गावात भरला. शिकवणारी होती त्याच गावातली १७ वर्षांची मेक्सिकन-अमेरिकन मुलगी. ती घरोघर गेली, आयांशी बोलली, मुलं गोळा केली. तिच्या मानधनाचे पैसे तिहेरिनांनी दिले. दोन वर्षांत टेक्सास राज्यानं ही कल्पना उचलून सरकारी खर्चानं असे वर्ग चालवायचा कायदा केला.

न्यूयॉर्कमध्ये हेच दुसऱ्या रूपात घडत होतं. अँटोनिया पँतोहा १९४४मध्ये अमेरिकेच्या ताब्यातल्या पोर्तो रिको बेटावरून आल्या, सुरुवातीला कारखान्यात वेल्डिंगचं काम केलं, मग समाजकार्य शिकल्या. १९६१मध्ये त्यांनी ‘अस्पिरा’ काढली. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ आकांक्षा धर. हायस्कुलांत मुलांचे गट, त्या गटांचे पुढारी मुलांमधूनच, आणि कॉलेजच्या अर्जापासून फीपर्यंत प्रत्येक पायरीवर सोबत. पुढे शाळांत दोन भाषांतून शिक्षण मिळावं म्हणून अस्पिरानं न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळाला कोर्टात खेचलं, आणि १९७४मध्ये मंडळाला तसा करार मान्य करावा लागला.

आणि रोजगार? १९६०च्या दशकाच्या मध्यावर लुलॅक आणि मेक्सिकन-अमेरिकन माजी सैनिकांची ‘जीआय फोरम’ यांनी मिळून टेक्सासमध्ये नोकऱ्या मिळवून देणारं केंद्र सुरू केलं. त्यातून ‘सेर’ ही देशव्यापी संस्था झाली. नाव इंग्रजी आद्याक्षरांचं आहे, पण स्पॅनिशमध्ये ‘सेर’ म्हणजे ‘असणं’. सुरुवात एवढीशीच होती: एका बाजूला कामगार हवे असलेले कारखाने, दुसऱ्या बाजूला काम हवं असलेली माणसं, आणि मध्ये फोन घेऊन बसलेले स्वयंसेवक.

आधी इंग्रजी शिका, मग धंदेशिक्षण घ्या, मग नोकरी शोधा, असा क्रम लावला की माणूस वाटेतच गळतो. दिवसभर राबून आलेला बापमाणूस दोन वर्षं व्याकरणाच्या वर्गाला बसू शकत नाही. यावर वॉशिंग्टन राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांनी ‘आय-बेस्ट’ नावाची पद्धत काढली. एकाच वर्गात दोन शिक्षक, एक वेल्डिंग किंवा नर्सिंगचं काम शिकवणारा आणि एक भाषेचा. यंत्राचा भाग हातात असतानाच त्याचं नाव कानावर पडतं. राष्ट्रीय सेवेतले सदस्य प्रौढांच्या वर्गांत गेले तर त्यांचा सगळ्यात मोठा उपयोग हाच असतो: शेजारी बसून बोलणं, चुकलं तरी बोलायला लावणं. हंगामी शेतमजुरांच्या मुलांसाठीही वेगळे केंद्रीय कार्यक्रम आहेत. एकात राहिलेलं हायस्कूल पूर्ण करून घेतात, तो १९६७पासून चालू आहे. दुसऱ्यात कॉलेजच्या पहिल्या वर्षी हात धरतात, तो १९७२पासून. आईबापांबरोबर पिकामागे फिरणाऱ्या मुलाची शाळा कशी तुटते, हे ऊसतोडीला निघणारी बिऱ्हाडं पाहिलेल्यांना समजावून सांगायला नको.

या दोन गोष्टी, बाहेरून आलेला भला माणूस आणि गावातलीच सतरा वर्षांची मुलगी, एकत्र आल्या तेव्हा काय झालं ते १९६९मध्ये डेल रिओत दिसलं.

डेल रिओ हे टेक्सासमधलं सीमेवरचं गाव. विस्टानं तिथे वेगळा प्रयोग केला होता. बाहेरचे पदवीधर आणण्याऐवजी मेक्सिकन-अमेरिकन तरुणांनाच त्यांच्याच भागात विस्टाचे स्वयंसेवक नेमलं. त्यांत ‘मायो’ या तरुणांच्या संघटनेतले बरेच होते. गावातल्यांनी गावात काम केलं, तेव्हा काम शिकवणीपुरतं राहिलं नाही. आमच्या वस्तीत पक्के रस्ते का नाहीत, पोलीस असे का वागतात, शाळेत स्पॅनिश बोलल्यावर शिक्षा का होते, हे प्रश्न आले. मोर्चे निघाले. काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, आयुक्तांनी हा कार्यक्रम बंद करा अशी मागणी गव्हर्नर प्रेस्टन स्मिथ यांच्याकडे केली, आणि गव्हर्नरनी तो बंद करवला. ३० मार्च १९६९ला, ईस्टरच्या आधीच्या रविवारी, पाम संडेच्या दिवशी, टेक्सासच्या कानाकोपऱ्यातून लोक डेल रिओत जमले. विस्टा परत द्या, एवढंच ते मागत नव्हते. आपली भाषा, आपली ओळख आणि आपला हक्क यांचा जाहीरनामाच त्यांनी मांडला.

डेल रिओतला प्रश्न आजही मिटलेला नाही. आजच्या नियमांनुसार सदस्याला सेवेच्या तासांत मोर्चा, मतदारनोंदणी, कायद्यासाठी पाठपुरावा, कामगार संघटनेचं काम, यांतलं काहीही करता येत नाही. करदात्यांचा पैसा आहे, त्यातून कुणाचं राजकारण होऊ नये, ही बाजू मला समजते. पण त्याची किंमत कोण मोजतं तेही सांगायला हवं. टेबलापाशी बसलेली ती मुलगी एकेका विद्यार्थ्याचा अडकलेला फॉर्म सोडवू शकते. पण हा फॉर्म नेमका याच घरांतल्या मुलांसाठी का अडकला, म्हणून त्या तासांत ती कायदे करणाऱ्यांच्या दारात जाऊ शकत नाही.

आणि आता पैशांचा प्रश्न. माझ्या मते सगळ्याचं मर्म तिथे आहे.

विस्टाचा भत्ता दारिद्र्यरेषेच्या आसपास ठेवलेला असतो, तोही मुद्दाम. गरिबांत राहायचं तर गरिबासारखं राहा, हा त्यामागचा १९६४चा विचार. २०२४मध्ये एकट्या माणसासाठी सरकारी दारिद्र्यरेषा वर्षाला १५,०६० डॉलर होती, म्हणजे महिन्याला १,२५५. त्याच वर्षी एप्रिलपासून कॅलिफोर्नियात मोठ्या फास्ट फूड साखळ्यांतल्या कामगारांना तासाला किमान २० डॉलर मिळू लागले. १,७०० तासांचे होतात ३४,००० डॉलर. आता त्या मॅकॅलनच्या मुलीची एखादी मावसबहीण लॉस एंजेलिसमध्ये आहे असं धरा. तिच्यासमोर हे दोन कागद ठेवलेत. तिच्या कमाईतून घरचं भाडं जातं, धाकट्यांची पुस्तकं येतात. ती कुठला कागद उचलेल?

गरिबीत एक वर्ष काढणं हा ज्याच्या मागे सुस्थितीतलं घर उभं आहे त्याच्यासाठी एक अनुभव असतो. अडीअडचणीला बापाचा फोन नंबर असतो, विम्याचं कार्ड असतं. जो गरिबीतूनच आलाय, त्याला त्या अनुभवाची गरज नाही. त्याला पगाराची गरज आहे. म्हणजे वस्तीची भाषा जिला येते, फॉर्म भरताना आईच्या डोळ्यांतली भीती जिला सांगावी लागत नाही, तिलाच ही सेवा सगळ्यात महाग पडते. संस्था आपापल्या परीनं वाटा काढतात. कुठे राहायची सोय, कुठे अर्ध्या वेळाची सेवा, म्हणजे उरलेल्या वेळात नोकरी करता येते. विस्टाच्या भत्त्यामुळे सरकारी अन्नमदतीसारखे लाभ बंद होत नाहीत, हेही अनेकांना ठाऊक नसतं. शिवाय विस्टाचं वर्ष पूर्ण केलेल्याला पुढचं वर्षभर केंद्र सरकारच्या नोकरीत नेहमीच्या खुल्या स्पर्धेशिवाय घेता येतं. घरी ‘ही नोकरी आहे की काय आहे?’ असं विचारणाऱ्या आईला सांगण्यासारखी ही गोष्ट आहे, आणि ती सेवेत शिरण्याआधीच सांगायला हवी.

एप्रिल २०२५मध्ये ट्रम्प सरकारनं अमेरिकॉर्प्सची सुमारे ४० कोटी डॉलरची अनुदानं एकाएकी रद्द केली. शाळेचं वर्ष संपायला महिना-दीड महिना उरला असताना हजारो सदस्यांना काम थांबवायला सांगण्यात आलं. चोवीस राज्यं आणि राजधानीचा जिल्हा कोर्टात गेले. जूनमध्ये मेरिलँडमधल्या केंद्रीय न्यायालयानं त्या राज्यांपुरती अनुदानं परत चालू करायला सांगितली. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, ॲरिझोना, न्यू मेक्सिको त्यांत होते. टेक्सास नव्हतं.

एक शेवटची अट राहिली. अमेरिकॉर्प्सच्या बहुतेक कार्यक्रमांत यायला तुम्ही अमेरिकेचे नागरिक असावे लागता, किंवा तुमच्याकडे कायमच्या वास्तव्याचं ग्रीन कार्ड असावं लागतं. पोर्तो रिकोच्या लोकांना १९१७पासून नागरिकत्व आहे, त्यांना अडचण नाही. अमेरिकेतल्या मराठी घरांतल्या मुलांनाही हीच अट लागू होते. ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं थांबलेल्या घरांतली, भारतात जन्मून तिथे वाढलेली मुलं या दाराबाहेरच असतात. आपल्या मॅकॅलनच्या मुलीला दार उघडं आहे. पण तिच्या मोठ्या भावाला, जो दोन वर्षांचा असताना आईच्या कडेवर सीमा ओलांडून आला, त्याच शाळेत शिकला, तेच इंग्रजी बोलतो, त्याला सेवा करायचीही परवानगी नाही.

कॅलिफोर्नियानं यावर स्वतःचा मार्ग काढला आहे. २०२२च्या शरद ऋतूत त्या राज्यानं ‘कॉलेज कोअर’ सुरू केली. विद्यार्थी कॉलेज करता करताच वर्षाला ४५० तास सेवा करतो: लहान मुलांना शिकवणं, अन्नवाटप, पर्यावरणाचं काम. बदल्यात १०,००० डॉलर मिळतात. त्यांतले ७,००० सेवा चालू असतानाच, हातात, आणि उरलेले ३,००० पूर्ण झाल्यावर शिक्षणासाठी. तासाचा हिशेब केला तर बावीस डॉलरच्या वर जातो. आणि कागदपत्रं नसलेली पण राज्याच्या कायद्यानुसार स्थानिक फी भरायला पात्र असलेली मुलं, तिथे ज्यांना ‘ड्रीमर’ म्हणतात, ती या सेवेत येऊ शकतात. तो भाऊ कॅलिफोर्नियात वाढला असता आणि आज तिथल्या एखाद्या सहभागी कॉलेजात असता, तर शाळेतल्या त्या टेबलापलीकडच्या खुर्चीवर बसून कुणाच्या तरी धाकट्या बहिणीचा फॉर्म त्यानं भरून दिला असता.